बंद घराचे शेजारी

ही छोटी पुस्तिका एका कादंबरीतल्या एका शेजाऱ्याविषयी आहे. कादंबरी हार्पर ली यांची, 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. शेजाऱ्याचं नाव आर्थर रॅडली. गावातली पोरं त्याला 'बू' म्हणतात, आणि हे नाव घेतानाही आवाज खाली आणतात. अख्ख्या कादंबरीत हा माणूस एकच वाक्य बोलतो. तो प्रत्यक्ष दिसतो तो थेट शेवटच्या काही प्रकरणांत. तरीही पुस्तक मिटल्यावर मनात घर करून राहतो तो तोच. असं का होतं, तीन मुलं त्याला हळूहळू कशी समजून घेत जातात, आणि त्यांच्या समजण्यातून आपल्याला काय घेता येईल, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

ती तयार झाली देऊळघाटातल्या मुलांसोबतच्या वाचनातून. बुलढाणा तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठचं, घाटावरचं हे गाव. इथे मराठी आणि उर्दू दोन्ही कानावर पडतात, कोणाच्या घरी काय शिजलं ते गल्लीला कळतं, आणि कोण कोणाशी बोलत नाही तेही कळतं. अमेरिकेतल्या नव्वद वर्षांपूर्वीच्या गोऱ्या-काळ्यांच्या गावाची गोष्ट आमच्या पोरांनी कशासाठी वाचायची, असं काही पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मुलांनीच दिलं. पहिली काही प्रकरणं वाचून झाल्यावर त्यांना रॅडलींच्या घराबद्दल फारसं समजावून सांगावं लागलं नाही. 'नको जाऊ तिकडं, त्या घरात येडा राह्यतो', हे वाक्य त्यांनी कधी ना कधी ऐकलेलं होतं, आणि बरेचदा स्वतःही म्हटलेलं होतं.

कादंबरी 11 जुलै 1960 रोजी प्रसिद्ध झाली आणि 1961 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. 1962 मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात बूची भूमिका रॉबर्ट ड्युव्हल यांनी केली. तो त्यांचा पहिला चित्रपट, आणि त्यात त्यांना एकही संवाद नव्हता. गोष्ट घडते अलाबामा राज्यातल्या मेकोम नावाच्या काल्पनिक गावात, 1933 ते 1935 या काळात. काळ महामंदीचा. कापसाला भाव नाही, शेतकरी वकिलाची फी लाकूडफाट्याच्या रूपाने चुकती करतो. हे आमच्या मुलांना लगेच उमगतं. गोष्ट सांगते स्काउट. सुरुवातीला ती जेमतेम सहा वर्षांची, तिचा भाऊ जेम दहाच्या घरात, आणि दर उन्हाळ्याला मावशीकडे येणारा डिल सातच्या आसपास. आई नाही. वडील अ‍ॅटिकस फिंच वकील. घर सांभाळते ती कॅलपर्निया, एक काळी बाई.

मुलांना उन्हाळ्यात हिंडायला मुभा किती? उत्तरेला मिसेस डुबोस यांच्या घरापर्यंत आणि दक्षिणेला रॅडलींच्या घरापर्यंत. पुढे जायचं नाही. म्हणजे मुलांच्या जगाची दोन्ही टोकं दोन नकोशा शेजाऱ्यांनी बांधलेली आहेत. लेखिकेने केलेली ही मांडणी सहज वाटते, पण ती फार विचारपूर्वक आहे. पुढची गोष्ट म्हणजे मुलांनी या दोन्ही टोकांशी जाऊन माणूस कसा ओळखला, याचीच गोष्ट आहे.

रॅडलींचं घर आधी नीट पाहू. मेकोममध्ये रविवार दुपार म्हणजे एकमेकांकडे जाण्यायेण्याची वेळ. दार बंद ठेवायचं ते आजारपण असेल तर किंवा कडाक्याची थंडी असेल तर. रॅडलींचं दार आणि खिडक्या मात्र रविवारीही बंद. ज्या गावात दार सताड उघडं असणं हीच रीत, तिथे बंद दार हाच पहिला गुन्हा ठरतो. देऊळघाटात ओसरीवर बसलेल्या कोणालाही हे पटेल. आपल्याकडे दार लोटलेलं दिसलं की शेजारीण आधी हाक मारते, मग आत डोकावते, आणि चार दिवस दार उघडलं नाही तर पाचव्या दिवशी त्या घराची एखादी गोष्ट तयार झालेली असते.

मेकोममध्येही अशीच गोष्ट तयार झालेली आहे. बू साडेसहा फूट उंच आहे, तो कच्च्या खारी आणि मांजरं खातो, म्हणून त्याचे हात कायम रक्ताळलेले असतात, त्याचे डोळे बाहेर आलेले आहेत, तोंडातून लाळ गळते. त्याच्या अंगणातल्या झाडाचे पिकॅन खाल्ले तर माणूस मरतो. चेंडू त्या अंगणात गेला तर गेला, कोणी आणायला जात नाही. रात्री कोणाच्या कोंबड्या मेल्या की नाव त्याचं. प्रत्यक्षात त्या कोंबड्या मारणारा दुसराच एक वेडसर माणूस सापडला, तरी गावाचा संशय रॅडलींच्या घरावरून हलला नाही. इथे वाचताना मुलांना एकच प्रश्न विचारावा: हे कोणी पाहिलं? पानं उलटून पाहिलं की लक्षात येतं, कोणीच नाही. बरीचशी माहिती मिस स्टेफनी क्रॉफर्ड या शेजारणीकडून आलेली आहे, आणि उरलेली मुलांनी स्वतः रचलेली.

खरं काय घडलं होतं, ते लेखिका फार थोडक्यात सांगते. आर्थर तरुण असताना काही उनाड पोरांच्या नादी लागला. एका रात्री त्यांनी दंगा केला आणि गावच्या एका अधिकाऱ्याला कोंडून ठेवलं. न्यायाधीशाने पोरांना सरकारी औद्योगिक शाळेत पाठवायचं ठरवलं. बाकीची पोरं गेली, चांगली शिकली, त्यांतला एक तर पुढे अभियांत्रिकी शिकला. आर्थरचे वडील म्हणाले, माझा मुलगा मी सांभाळतो, पुन्हा तक्रार येणार नाही. त्यांनी शब्द पाळला. पुढची पंधरा वर्षं आर्थर कोणाला दिसलाच नाही. मग तेहतीस वर्षांचा असताना वर्तमानपत्राची कात्रणं कापता कापता त्याने बापाच्या पायात कात्री खुपसली आणि पुन्हा कात्रणं कापायला लागला, अशी गावात वदंता. त्याला न्यायालयाच्या तळघरात ठेवलं, ओलीने तो आजारी पडेल म्हणून परत घरी आणलं. बाप गेल्यावर भाऊ नेथन आला आणि घर पूर्वीसारखंच बंद राहिलं.

इथे थांबायला हवं. ज्या पोरांना शिक्षा झाली ती सुटली, आणि ज्याला घरच्या अब्रूसाठी शिक्षेतून 'वाचवलं' तो जन्मभर अडकला. घराण्याचं नाव राहावं म्हणून माणूस झाकून ठेवणं आपल्या गावांना अनोळखी नाही. मागच्या खोलीत ठेवलेला मुलगा, लग्नकार्यात दुसऱ्या गावी पाठवलेली बहीण, कोणी विचारलं तर 'ती आजारी असते' एवढंच उत्तर. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, आणि त्यात मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. कायद्याला हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं. आर्थरला खरोखर काही आजार होता की नाही, हे लेखिका कुठेही सांगत नाही. ती निदान करत नाही, आणि वाचकानेही करू नये.

मुलांच्या समजण्याची पहिली पायरी म्हणजे खेळ. बूला बाहेर काढायचंच, या कल्पनेने डिल झपाटतो. पैज लावून तो जेमला रॅडलींच्या भिंतीला हात लावून यायला लावतो. पुढच्या उन्हाळ्यात तिघं मिळून रॅडली कुटुंबाचं नाटकच रचतात. जेम बू होतो, कात्रीचा प्रसंग रोज अंगणात वठवला जातो. हे क्रूर आहे, पण मुलांना ते क्रूर वाटत नाही, कारण ज्याच्यावर नाटक चाललंय तो त्यांच्या लेखी माणूसच नाही. अ‍ॅटिकसला कळतं तेव्हा तो मारत नाही, ओरडतही नाही. त्या माणसाला छळणं बंद करा, तो बाहेर येवो न येवो, तो त्याचा प्रश्न, असं ठणकावतो. मात्र त्याच काळात स्काउटला एक गोष्ट कळलेली असते आणि ती ती कोणाला सांगत नाही. टायरमध्ये बसून गडगडत ती रॅडलींच्या दाराशी जाऊन आदळली तेव्हा घरातून कोणीतरी हसल्याचा आवाज तिला आला होता. तिच्या मनातल्या बूच्या भीतीला पहिली फट पडते ती इथे. राक्षस पोरीच्या फजितीवर असा हसत नाही.

दुसरी पायरी म्हणजे झाड. रॅडलींच्या अंगणाच्या कडेला ओकची दोन झाडं आहेत. त्यांतल्या एकाच्या ढोलीत स्काउटला शाळेतून येताना चिंगमच्या दोन कांड्या सापडतात. पुढे त्याच ढोलीत दोन जुनी नाणी सापडतात, मग करड्या सुतळीचा गुंडा, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या, चिंगमचं अख्खं पाकीट, शाळेतल्या स्पर्धेचं काळवंडलेलं पदक, आणि शेवटी बंद पडलेलं खिशातलं घड्याळ, साखळीला अडकवलेल्या छोट्या चाकूसह. या वस्तूंची यादी मुलांसोबत फळ्यावर लिहावी. सगळ्यात जास्त वेळ थांबावं ते साबणाच्या बाहुल्यांपाशी. एक मुलगा, एक मुलगी. मुलाचे केस भुवयांपर्यंत आलेले. निरखून पाहिल्यावर जेमच्या लक्षात येतं की हे ते दोघंच आहेत. म्हणजे ज्याला आपण पाहायला धडपडत होतो, तो आपल्याला कधीपासून पाहत होता, आणि आपल्यासारखा मुलगा साबणात कोरता येईल इतक्या मायेने पाहत होता. पदकही तसंच. ते गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाने कधीतरी जिंकलेलं आहे. देणाराही कधीकाळी मुलगाच होता, हे त्या काळवंडलेल्या धातूवरून कळतं.

तिसरी पायरी येते ती पँटच्या रूपाने. डिलच्या सुट्टीतली शेवटची रात्र, तिघं रॅडलींच्या खिडकीतून डोकावायला जातात, नेथन बंदूक झाडतो, पळताना जेमची पँट तारेत अडकते आणि तो ती तिथेच टाकून येतो. बापाला कळू नये म्हणून मध्यरात्री तो एकटा परत जातो. पँट तारेवर घडी घालून ठेवलेली असते, फाटलेली जागा शिवलेली. टाके वेडेवाकडे आहेत, शिवणकाम न येणाऱ्या माणसाने घातलेले. जेम हे बरेच दिवस स्काउटला सांगत नाही. सांगतो तेव्हा एवढंच म्हणतो की जणू त्याला माझं मन वाचता येत होतं. घाबरणारा मुलगा इथे संपतो आणि विचार करणारा मुलगा सुरू होतो.

मग दोघं मिळून झाडाच्या ढोलीत ठेवायला आभाराची चिठ्ठी लिहितात. ठेवायला जातात तर ढोली सिमेंटने बुजवलेली. नेथन सांगतो, झाड मरायला लागलंय, म्हणून बुजवली. जेम वडिलांना विचारतो. अ‍ॅटिकस म्हणतो, पानं हिरवीगार आहेत, झाड धडधाकट आहे. त्या संध्याकाळी जेम बराच वेळ ओसरीत एकटा उभा राहतो. आत आल्यावर स्काउटला दिसतं की तो रडला आहे. कादंबरीत याचा एवढाच उल्लेख आहे. पण मुलांसोबत वाचताना हाच प्रसंग सर्वात मोठा वाटतो. जेमला कळलेलं आहे की त्या घरात एक माणूस आहे, त्याला आपल्याशी बोलायचं आहे, आणि त्याला बोलू दिलं जात नाही. भीतीची जागा दुःखाने घेतली, की मूल मोठं व्हायला लागलं.

पुढे हिवाळ्यात शेजारच्या मिस मॉडींचं घर जळतं. सगळी गल्ली थंडीत रस्त्यावर उभी. घरी परतल्यावर कळतं की स्काउटच्या खांद्यावर एक घोंगडी आहे, आणि ती घरातली नाही. आग पाहण्यात गुंग असताना मागून येऊन कोणीतरी ती अंगावर टाकून गेलं. जेमला एका क्षणात सगळं उमगतं आणि तो वडिलांना झाड, वस्तू, पँट सगळं सांगून टाकतो. एकच विनंती करतो, ही घोंगडी परत करू नका, नाहीतर नेथन त्याला काहीतरी करेल. पूर्वी बूला बाहेर काढायला धडपडणारा मुलगा आता बूला झाकायला धडपडतो आहे. या एका वळणात कादंबरीचा एक टप्पा पुरा होतो.

आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे. मिसेस डुबोस म्हाताऱ्या, आजारी, आणि तोंडाच्या फटकळ. त्या अ‍ॅटिकसला काळ्यांचा वकील म्हणून शिव्या घालतात. रागाच्या भरात जेम त्यांची कॅमेलियाची फुलझाडं छाटून टाकतो, आणि शिक्षा म्हणून त्यांना रोज पुस्तक वाचून दाखवायला जातो. त्या गेल्यावर अ‍ॅटिकस सांगतो की वेदना कमी करायला घेतलेल्या मॉर्फीनची त्यांना सवय लागली होती, आणि मरणापूर्वी त्यातून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. वाचनाचा तो वेळ त्यांच्या झुंजीचा वेळ होता. त्यांची मतं त्यामुळे बरोबर ठरत नाहीत. पण माणूस त्याच्या मतांपेक्षा मोठा असू शकतो, हे जेमला कळतं. बूला समजून घ्यायची तयारी त्याची इथेच होते.

आणि मग टॉम रॉबिन्सनचा खटला. टॉम काळा. एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा त्याच्यावर खोटा आरोप. लहानपणी त्याचा डावा हात कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडला आणि कायमचा निकामी झाला. खामगाव-मलकापूरच्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ज्या मारहाणीच्या खुणा मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आहेत त्या निकामी डाव्या हाताने होऊच शकत नाहीत, हे न्यायालयात सिद्ध होतं. तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. पुढे तो तुरुंगातून पळायला जातो आणि गोळ्यांनी मारला जातो. त्याच्या देहावर सतरा गोळ्यांच्या खुणा सापडतात.

या निकालानंतर जेम स्काउटला म्हणतो की बू घरात का राहतो ते मला आता कळायला लागलंय, त्याला बाहेर यायचंच नाही. कादंबरीचे दोन धागे इथे एकत्र येतात. आतापर्यंत जेमला वाटत होतं की घर वाईट आहे आणि गाव चांगलं. आता कळतं की गावच असं असेल तर घरात राहणं हीसुद्धा एक निवड असू शकते.

बू आणि टॉम यांना एका मापाने मोजता येत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. दोघंही निरपराध, दोघंही अफवेचे बळी. पण बू गोरा, घरंदाज कुटुंबातला. त्याच्यासाठी गावात अखेर दया निघते. टॉमसाठी निघत नाही. आपल्या गावांत ज्याला वेशीबाहेर ठेवलं गेलं त्याचा एकटेपणा आणि वाड्यात बसलेल्या माणसाचा एकटेपणा एक नाही, हे आमच्या मुलांनी फार लवकर ओळखलं. कॅलपर्नियाच्या मनात काय चाललंय हे कादंबरी पुरतं सांगत नाही, टॉमची बायको हेलन कोपऱ्यातच राहते, ही या पुस्तकाची मर्यादा आहे. ती झाकून वाचू नये.

शेवटचा भाग थोडक्यात सांगावा लागेल, कारण तो प्रत्येकाने स्वतः वाचावा. हॅलोविनच्या रात्री शाळेच्या कार्यक्रमाहून परतताना टॉमवर आरोप करणाऱ्या मुलीचा बाप बॉब इवेल मुलांवर हल्ला करतो. अंधारात आणखी कोणीतरी येतं. जेमचा हात मोडलेला असतो, पण जीव वाचतो. इवेल मरतो. जेमच्या खोलीत भिंतीला टेकून एक फिकट, उन्हाची सवय नसलेला माणूस उभा असतो. स्काउट त्याला ओळखते, आणि ज्या नावाने इतकी वर्षं भीती घातली त्याच नावाने त्याला हाक मारते, पण आता त्या हाकेत भीती नसते. ती त्याला ओसरीत अंधाऱ्या जागी नेऊन बसवते, कारण तिला आपोआप कळतं की त्याला उजेड सोसणार नाही. शेरीफ हेक टेट ठरवतो की इवेल स्वतःच्याच सुऱ्यावर पडला असंच म्हणायचं. ज्याने गावावर एवढा उपकार केला, त्या लाजऱ्या माणसाला उजेडात ओढून आणणं हे पाप आहे, असं त्याचं म्हणणं. अ‍ॅटिकसला कायदा प्यारा, त्याला हे पटायला वेळ लागतो. स्काउटला मात्र लगेच पटतं, आणि पुस्तकाच्या नावाचा अर्थ तीच वडिलांना समजावते.

मग आर्थर रॅडली त्याचं ते एकमेव वाक्य बोलतो. मला घरी नेशील का, असं तो स्काउटला विचारतो. ती नेते. पण हात धरून नाही. ती त्याला हात वाकवायला सांगते आणि त्यात आपला हात अडकवते, म्हणजे खिडकीतून पाहणाऱ्या मिस स्टेफनीला वाटावं की मिस्टर आर्थर एका मुलीला सोबत करत चालले आहेत. आठ वर्षांच्या मुलीला माणसाची इज्जत कशी राखायची हे कळलेलं आहे. कादंबरीने इतकी पानं ज्यासाठी खर्च केली, ते हेच. त्याच्या ओसरीवरून वळून ती आपली गल्ली पाहते, आणि तिथून तिला गेली दोन वर्षं दिसतात, बूला दिसली असतील तशी. त्यानंतर तो तिला कधीच दिसला नाही. मात्र एक गोष्ट तिला बोचत राहते: त्याने झाडातून इतकं दिलं, आपण त्या झाडात कधीच काही परत ठेवलं नाही.

या पुस्तिकेचं म्हणणं या एका बोचणीतून आलं आहे. शेजाऱ्याला समजून घेणं म्हणजे त्याला बाहेर ओढून आणणं नव्हे, त्याचं गुपित उलगडणंही नव्हे. त्याच्याबद्दलची गोष्ट रचणं थांबवणं, त्याने काय दिलं याचा हिशेब ठेवणं, आणि त्याला हवं तेवढंच जवळ जाणं, एवढं झालं तर पुरे. मुलं या तिन्ही गोष्टी शिकतात. मोठी माणसं बरेचदा पहिलीवरच अडतात.

कोणी काय दिलं याचा हिशेब आपण कसा ठेवत नाही, याचं आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण मुलांनी जरूर वाचावं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे. त्यांनी मुलीला घरी शिकवलं. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, ते 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं, आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापेपर्यंत नव्वदहून जास्त वर्षं पडून राहिलं. एवढी मोठी बाई बुलढाण्यात राहून गेली आणि तिच्याबद्दलची माहिती आज चार ओळींत मावते. तिने ढोलीत ठेवलं होतं, आपण पाहायला गेलो नाही.

आपण होऊन मागे राहिलेला माणूसही जिल्ह्याने पाहिला आहे. मेहकरचे ना. घ. देशपांडे. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात महाराष्ट्रभर गेली, पण कवी मेहकरातच वकिली करत राहिले. 1986 मध्ये 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हाही त्यांचं गाव बदललं नाही. लोकांत न मिसळणारा प्रत्येक माणूस कोंडलेला असतो असं नाही. काहींनी आपली जागा स्वतः निवडलेली असते, आणि तिचा मान राखावा लागतो.

अफवेचं काय होतं, हेही सांगायला हवं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पोटासाठी दारोदार फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती, एवढंच कारण. मेकोमची पोरं बूबद्दल बोलतात ते आणि त्या दिवशी फिरलेले संदेश यांत अंतर फार कमी आहे. म्हणून 'कोणी पाहिलं?' हा प्रश्न आमच्या मुलांच्या तोंडी बसावा असं मला वाटतं. गोष्टीच्या पुस्तकातून तो बसला तर तो आयुष्यभर टिकतो.

मराठीत मुलाच्या डोळ्यांनी मोठ्यांचं जग पाहणारं लेखन समृद्ध आहे. साने गुरुजींचा श्याम, प्रकाश नारायण संतांचा लंपन ही आपल्या वाचनातली लाडकी मुलं. संतांचा 'वनवास' 1994 मध्ये आला तेव्हा मुलाला कळतं पण सांगता येत नाही अशी कितीतरी गुपितं मराठीत पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली. स्काउट या मुलांची लांबची बहीण आहे. फरक एवढाच की ती सांगते तेव्हा मोठी झालेली आहे, आणि लहानपणी न कळलेलं आता कळल्याच्या जाणिवेने सांगते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात दोन स्काउट असतात, एक भोगणारी आणि एक समजणारी. वाचताना हे दोन आवाज वेगळे ओळखायला मुलांना मदत करावी.

शिक्षकांसाठी दोनच सूचना. शेवट आधी सांगू नये. आणि प्रत्येक टप्प्यावर मुलांकडून एक पान लिहून घ्यावं, आज तुला बूबद्दल काय माहीत आहे आणि ते तुला कोणी सांगितलं. पुस्तक संपल्यावर ती सगळी पानं एकापुढे एक ठेवावीत. समजूत कशी वाढते हे त्या पानांइतकं कोणतीही प्रस्तावना दाखवू शकणार नाही.

वाचकहो, ही कादंबरी वाचून झाली की आपल्या गल्लीतल्या एका बंद घराचा विचार करा. तिथे कोण राहतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं आणि त्यांनी ते कुठून ऐकलं, ते आधी तपासा. जमलं तर नुसतं ओळखीचं हसा, सणाला ताट पाठवा, आजारपणात विचारपूस करा. आणि तो माणूस दार उघडो न उघडो, त्याच्याविषयीची पुढची कहाणी तुमच्या तोंडून निघणार नाही, एवढं तरी आजपासून ठरवा.